काशिनाथच्या खिशातली चावी

डिचोली,
११ जानेवारी १९८७

चि. प्रमोद यास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला असे समज. मनातून आज तसले काही निघत नाही.

तू वास्कोला गेलास त्याला बारा दिवस झाले. काशिनाथ गेला शनिवारी, तू गेलास मंगळवारी. मधल्या दोन दिवसांत तुला बढतीसुद्धा मिळाली! बंदरावरचे ऑफिस, वर क्वार्टर, वर न्यायला जीप. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारी माणसे असतात असे ऐकून होतो. ती आपल्याच पंगतीला जेवून मोठी होतात हे ठाऊक नव्हते.

आई रोज सकाळी पोदेर आला की दोन पाव जास्त घेते. "प्रमोद येयत," म्हणते. संध्याकाळी ते वातड झालेले पाव मी चहात बुडवून खातो आणि तुला शिव्या घालतो.

आता मुद्द्याचे. परवा कंपनीने खाणीच्या गेटवर, हजेरीच्या खिडकीशेजारी, अपघाताचा अहवाल लावला. इंग्रजीत टाइप केलेला, कामगारांना कळावे म्हणून खाली मराठीतही. सही तुझी. "लाईनमन काशिनाथ हा कोणाचीही परवानगी न घेता व लाईन बंद न करता खांबावर चढला आणि स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू पावला."

काशिनाथ निष्काळजी? अरे, खोलीतला बल्ब बदलताना मेन स्विच काढणारा माणूस तो! सगळी चाळ त्याला भित्रा म्हणून चिडवायची. तो हसायचा. "भिऊन ऱ्हायलोय म्हणून नऊ वर्सं जित्ता हाय दादा," म्हणायचा. चंदगडकडून आला तेव्हा त्याला पक्कड धरता येत नव्हती. मी शिकवले. तुलाही मीच शिकवले, पण तू पुढे डिप्लोमा केलास, म्हणून तू साहेब आणि तो लाईनमन.

त्या शनिवारी काय झाले ते तुला सांगायला नको, तरी लिहून ठेवतो, म्हणजे उद्या विसरलो म्हणायला तू मोकळा राहणार नाहीस. भाषेच्या भांडणात आठ दिवस रस्ते बंद होते. ट्रक उभे, नदीच्या धक्क्यावर खनिजाच्या बार्जी रिकाम्या. रस्त्यावर आडवे पाडलेले एक झाड आपल्या धक्क्याकडच्या लाईनवर कलले होते. ते कोंकणीवाल्यांनी पाडले की मराठीवाल्यांनी, ते झाडाला विचार. शनिवारी रस्ते उघडले आणि मॅनेजरच्या अंगात आले. दुपारच्या भरतीला बार्ज भरून सुटलीच पाहिजे! काशिनाथने माझ्याकडून सबस्टेशनात लाईन बंद करून घेतली आणि तो फांद्या तोडायला दीड मैलावरच्या खांबावर गेला. तू धक्क्यावर मॅनेजरच्या शेजारी. पावणेबाराला तुझा फोन आला. "दादा, काम झालं. काशिनाथ खाली उतरला. टाक लाईन."

मी टाकली. तो उतरला नव्हता.

झाले ते एवढे. साहेबाने सांगितले, ऑपरेटरने केले. मी हुकमाचा ताबेदार. म्हणून तुला लिहितो की तू मॅनेजरला आणि वरच्यांना खरे काय ते कळव. सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला येणार आहे, मे महिन्यात म्हणतात. तोवर तुझा हा कागद तसाच राहिला तर दोष काशिनाथचा ठरेल. मग त्याच्या विमलाला भरपाई नाही, कंपनीत झाडूचेही काम नाही आणि चाळीतली खोली खाली करा. पण ते सगळे बाजूला ठेव. त्या बाईने मला एवढेच विचारले, "दादा, त्यांनी खरंच न विचारता चढायचं केलं?" नवरा मेला याच्यापेक्षा तो मूर्खासारखा मेला याचे तिला जास्त लागले आहे.

मी काय सांगणार? चौकशी चालू आहे म्हटले.

अक्षर वाकडे आहे त्याला हसू नकोस. उजव्या हाताच्या बोटात काच गेली होती, ती पिकली आहे.

शिवदास


डिचोली,
८ फेब्रुवारी १९८७

प्रमोद,

तुझे पत्र मिळाले. इंग्रजीत! टाइप केलेले! वर कंपनीचे नाव, खाली तुझा हुद्दा, आणि मधे मी "मिस्टर शिवदास". वा रे पठ्ठ्या. इथे आम्ही कोंकणी की मराठी म्हणून दोन महिने एकमेकांची डोकी फोडून घेतली. गेल्या बुधवारी कायदा झाला तरी बाजारात अजून माणसे एकमेकांच्या दुकानात पाय ठेवत नाहीत. आणि तू, जो मोर्चात घसा बसेपर्यंत मराठीच्या घोषणा देत होतास, तो सख्ख्या भावाला इंग्रजीतून नोटीस पाठवतोस. मला ते वाचायला अर्धा तास लागला. वाचून झाल्यावर वाटले, उगाच वाचले.

"मी फक्त कामाची प्रगती विचारली होती. लाईन चालू करण्याचा निर्णय ऑपरेटरचा होता." हे तू लिहितोस? कामाची प्रगती! तोंडाला येईल ते बोलावे याला काही सुमार? माझ्या कानात तुझा आवाज अजून आहे. मागे मॅनेजर ओरडत होता तोही आहे. तू "टाक लाईन" म्हणालास. एकदा नव्हे, दोनदा म्हणालास.

आणि पुढे काय लिहितोस, तर मी गप्प राहावे यातच "कुटुंबाचे हित" आहे. कुटुंब आठवले होय आता? शिरां पडो तुझ्या त्या हितावर.

रजिस्टरचे म्हणशील तर ते मला बोलायला लावू नकोस. नाही, बोलतोच. त्या दिवशी संध्याकाळी, काशिनाथ अजून इस्पितळाच्या ओसरीवर झाकून ठेवलेला असताना, तू सबस्टेशनात आलास. "दादा, फक्त एक पान," म्हणालास. त्या पानावर माझ्या हाताने लिहिले होते, दहा वाजून दहा मिनिटांनी लाईन बंद, काम काशिनाथकडे. तू ते पान फाडलेस आणि दुसरे पुढे केलेस. त्यावर लाईन बंद केल्याची नोंद नव्हती, काशिनाथचे नाव नव्हते. तू रडत होतास. मी सही केली. तुझे डोळे पुसायला रुमालही मीच दिला. आता ते सगळे आठवून मला माझीच किळस येते, पण त्याहून तुझी जास्त येते.

मी तुला काय शिकवले होते? तू दहावी पास झालास, मे महिन्याच्या सुट्टीत माझ्याबरोबर सबस्टेशनात यायचास, तेव्हा पहिल्या दिवशी काय सांगितले? लाईन बंद केली की स्विचच्या दांड्याला कुलूप. जो खांबावर चढणार त्याने स्वतःच्या हाताने कुलूप लावायचे आणि चावी स्वतःच्या खिशात घालून चढायचे. तो खाली येईल, चालत येईल, चावी आपल्या हातावर ठेवील, मगच कुलूप उघडायचे. फोन नाही, निरोप नाही, चिठ्ठी नाही. चावी. आसपासच्या सगळ्या खाणींत हसायचे आपल्याला. बार्ज उभी आहे आणि हे म्हणे चावीची वाट बघतात! हसू देत. वीस वर्षांत माझ्या लाईनवर माणूस मेला नव्हता. "आपला बापूस येऊन सांगूं, चावी हातात आल्याशिवाय दांडा हलवायचो ना," असे मी तुम्हा दोघांना, तुला आणि काशिनाथला, एकाच बाकावर बसवून सांगितले होते.

तू विचारशील, मग चावी हातात नसताना लाईन टाकली कशी. ते विचारू नकोस. तुला ठाऊक आहे.

इन्स्पेक्टरची तारीख अजून लागलेली नाही. कागद बदल. अजून वेळ आहे. सुशीला म्हणते भावजींना इतके कडक लिहू नका. तिला म्हटले, तू गप्प, तुला काही ठाऊक नाही. तिला खरेच काही ठाऊक नाही. घरात कुणालाच नाही.

शिवदास


डिचोली,
१७ मार्च १९८७

प्रमोद,

बाहेर शिगम्याचे ढोल वाजताहेत आणि मी दार लावून बसलो आहे. रोमटाच्या मिरवणुकीला मी गेलो नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

काल दुपारी विमला आली होती. आमच्या दारात येऊन उभी राहिली, आत ये म्हटले तरी येईना. इस्पितळाने काशिनाथच्या कपड्यांचे गाठोडे दिले होते, ते तिने अडीच महिने उघडले नव्हते. परवा उघडले. शर्ट जळलेला, पण पँट धड होती. धुवून धाकट्या दिराला पाठवू म्हणून तिने खिसे चाचपले. खिशात एक चावी.

ती तिने माझ्यासमोर धरली. "दादा, ही चावी कसली ओ? आमच्या ट्रंकेला तर कुलूपच नाही."

प्रमोद, पितळेची चकती होती. वर सात नंबर. तो सातचा आकडा मी स्वतः हातोडीने ठोकला आहे, थोडा डावीकडे कललेला. मी ती हातात घेतली.  आणि माझ्या तोंडून काय निघाले असेल?

"माहीत नाही बाई. असेल कसली तरी जुनी."

असे म्हणालो मी. शिवदास, ज्याला सगळी खाण सचोटीचा माणूस म्हणते, तो असे म्हणाला. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे, त्यांची म्हणून ठेवते." पदराच्या टोकाला बांधली आणि गेली. मी दारात उभा राहिलो. आई आतून विचारते, "कोण रे तें?" मी म्हटले, कुणी नाही.

तेव्हापासून पाणी गोड लागत नाही. आता ऐक. मागच्या दोन पत्रांत मी तुला लिहिले त्यात खोटे काही नव्हते, पण सगळे नव्हते. ते सगळे आज लिहितो, आणि एकदाच लिहितो.

तू "टाक लाईन" म्हणालास. मी म्हटले, "चावी?" तू म्हणालास, "चावी घेऊन येतोय तो, वाटेत आहे. तोवर पेटीतली दुसरी वापर ना! मॅनेजर इथे माझा जीव घेतोय." प्रत्येक कुलपाची दुसरी चावी सबस्टेशनातल्या काचेच्या पेटीत असते. माणूस मेला-बिला, चावी नदीत पडली, तरच ती पेटी फोडायची. वीस वर्षांत ती फुटली नव्हती, काचेवर धूळ बसली होती. मी पक्कड घेतली आणि फोडली. ती काच बोटात गेली. रक्त गळत असताना मी सात नंबरचे कुलूप उघडले आणि दांडा वर ढकलला. नवी काच तूच दुसऱ्या दिवशी बसवून घेतलीस, हे विसरला नसशील.

का फोडली? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो. भीती वाटली म्हणून? मॅनेजरच्या बापाला मी भीत नाही. नोकरी जाईल म्हणून? नाही. फोनवर तू होतास म्हणून! दुसरा कुठलाही सुपरवायझर असता तर "आधी चावी, मग बाता" म्हणून फोन आपटला असता. पण माझा भाऊ, मी शिकवलेला, माझ्या बाकावर बसलेला, तो न बघता उतरला म्हणून सांगेल? आपला तो बाब्या ना! तुझ्या शब्दावर मी एका माणसाचा जीव ठेवला. तुझा शब्द, आणि जीव त्याचा.

तू बघितले होतेस का रे त्याला उतरताना? खरे सांग. मला वाटते तू धक्क्यावरून मान सुद्धा वळवली नव्हतीस. तुला वाटले असेल, इतका वेळ झाला म्हणजे उतरला असेल. वाटले असेल! वाटण्यावर लाईन टाकतात?

काशिनाथने नियम पाळला. चावी खिशात घालून चढला आणि खिशात चावी असताना मेला. माझा भरवसा त्या चावीवर नव्हता, पण त्याचा होता. आणि आपण दोघांनी मिळून त्याला निष्काळजी ठरवले.

हे पत्र फाडू नकोस. फाडलेस तरी माझ्याकडे नक्कल आहे. रजिस्टरच्या पानावरून एवढे तरी शिकलो.

शिवदास


डिचोली,
२६ एप्रिल १९८७

प्रमोद,

तू स्वतः लिहिले नाहीस. कंपनीच्या ड्रायव्हरकरवी निरोप पाठवलास. "दादाक सांग, गप्प राव. तोंड उघडलं तर तोच आत जातलो." धमकी देतोस? मला? लहानपणी ज्याला मी खांद्यावरून बोडगेश्वराच्या जत्रेला नेला, तो ड्रायव्हरच्या तोंडून मला तुरुंगाची भीती घालतो!

ऐक तर मग. मी काल विमलाच्या खोलीवर गेलो आणि तिला सगळे सांगितले. पेटी, काच, फोन, फाडलेले पान. तिच्या हातातली चावी कसली तेही सांगितले. ती तांदूळ निवडत होती. मी बोलत होतो तितका वेळ ती निवडत राहिली. झाल्यावर सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "आता जा." एवढेच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

घरी आईला आणि सुशीलेलाही सांगितले. सुशीला रडली. आज सकाळी आईने पोदेराकडून जास्तीचे पाव घेतले नाहीत.

मॅनेजरने मला आत बोलावून खुर्ची दिली. वीस वर्षांत पहिल्यांदा खुर्ची. म्हणतो, शिवदास, तू जुना माणूस, गेल्याला आता परत आणता येत नाही, राहिलेल्यांचे बघ. मी म्हटले, राहिलेल्यांत ती बाईही येते साहेब. खुर्चीवर न बसताच बाहेर आलो.

इन्स्पेक्टर २० मेला येतो आहे, सकाळी दहाला, कंपनीच्या ऑफिसात. तू ये. माझ्याशेजारी उभा राहा आणि सांग की फोन तू केला होतास. दोघे मिळून काय ते भोगू. धाकटा म्हणून तुझ्या वाटणीचे थोडे मी घेईन. पण ये.

शिवदास


डिचोली,
३१ मे १९८७

प्रमोद,

आला नाहीस. बरे केलेस, तुझे तोंड बघायचे माझे वाचले.

तुझा कागद मात्र आला होता. फाईलमध्ये, पहिल्याच पानावर. पुन्हा तेच, काशिनाथचा निष्काळजीपणा. इन्स्पेक्टर म्हातारा माणूस होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, फारसा बोलत नव्हता. मॅनेजरने सगळे गोड गोड सांगितले. रजिस्टरचे ते नवे पान दाखवले. सही कुणाची म्हणून इन्स्पेक्टरने विचारले, मी म्हटले माझी. मग हे खरे? मी म्हटले, नाही साहेब, ही माझी खोटी सही आहे.

मॅनेजर उठून उभा राहिला. इन्स्पेक्टरने त्याला हाताने खाली बसवले.

विमला दाराशी होती. तिला आत बोलावले. तिने पदराची गाठ सोडून चावी टेबलावर ठेवली. "ही त्यांच्या खिशात होती," म्हणाली. इन्स्पेक्टरने चावी उचलली आणि सगळ्यांना घेऊन सबस्टेशनात आला. सात नंबरच्या कुलपात स्वतः घातली, फिरवली. उघडले.  मग माझ्याकडे वळला. "चावी त्याच्या खिशात, कुलूप बंद. मग लाईन चालू कशी झाली?"

"मी पेटी फोडून दुसऱ्या चावीने उघडले," मी म्हटले.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

मी तुझे नाव घेतले. हो, घेतले. एक क्षण जीभ अडखळली, ते तुला सांगून टाकतो, कारण मला ते लपवायचे नाही. पण घेतले. तर मॅनेजर लगेच म्हणतो, फोनची नोंद कुठे आहे? नाही नोंद. साक्षीदार? धक्क्यावर ते स्वतःच होते ना साक्षीदार! आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तसा प्रकार. इन्स्पेक्टरने मग काशिनाथवरच एक प्रश्न विचारला, की त्याने तारांवर अर्थिंगची, एक टोक जमिनीत पुरलेली साखळी का टाकली नव्हती. ती टाकली असती तर लाईन आली तरी तो वाचला असता. त्यावर मी स्टोअरचा कागद पुढे केला. साखळी सप्टेंबरात तुटली होती. नवी साखळी काशिनाथने तीनदा मागितली होती. तिन्ही अर्जांवर "नंतर बघू" लिहून सही कुणाची होती? तुझी. एवढा एक कागद फाडायचा तुझ्याकडून राहून गेला. तिथे मॅनेजर फाईल आवरायला लागला.

कागदावर शेवटी काय उतरले ते ऐक. लाईन चालू करण्याचा दोष ऑपरेटर शिवदास याचा. सुपरवायझरविरुद्ध साखळीबद्दल ठपका, फोनबद्दल पुरावा नाही. म्हणजे तू बहुतेक सुटलास. ठपक्याने कुणाची क्वार्टर जात नाही. मला कामावरून काढले आहे, आणि पुढे कोर्टात उभे करतील तेव्हा करतील. तुझ्या ड्रायव्हरचे म्हणणे खरे झाले म्हणायचे.

पण त्या कागदात अजून एक ओळ आहे. "लाईनमन काशिनाथ याने लाईन बंद करून, कुलूप लावून, चावी स्वतःजवळ ठेवली होती. त्याचा कोणताही दोष आढळत नाही." ती ओळ विमलाने इन्स्पेक्टरकडून तीनदा वाचून घेतली. 

बाहेर आल्यावर ती माझ्यासमोर थांबली. मला वाटले, काहीतरी बरे बोलेल. माणूस हावरा असतो. ती म्हणाली, "तुमी खरं बोललासा, बरं केलासा. पण त्या दिवशी माझ्या हातात चावी बघून माहीत नाही म्हटलासा. खांबावरचा माणूस चुकून मेला असंल. ते तोंडावर बोललेलं खोटं चुकून नव्हतं. माझ्या दारात परत येऊ नका." आणि गेली.  तिचे बरोबर होते.

काल गोवा राज्य झाले. तुमच्या वास्कोत फटाके वाजले असतील, इथेही वाजले. कंपनीच्या गेटवर दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. दरवर्षी असली कामे माझी. यंदा कुणा नवीन पोराने लावल्या, वायरींचे जोड उघडे, टेप नाही की काही नाही, आणि खाली लोक गर्दी करून उभे. मी रस्त्यावरून ओरडलो, "अरे, माणसं मारशील!" वॉचमन म्हणतो, शिवदासदादा, तुम्ही कशाला बोलता आता. सगळे हसले. मी कुंपणावरून हात घालून मेन काढला आणि त्या पोराला जोड गुंडाळायला लावले, तेव्हाच घरी आलो. शिव्या खाल्ल्या, त्यात काय.

विमला चाळ सोडून गावी गेली. भरपाई मिळेल, सावकाश मिळेल. पण तिचा दीर परवा खोलीतले सामान न्यायला आला होता, त्याने सांगितले ते मनातून जात नाही. तिच्या गावात तुझा पहिला कागद कधीच पोचला आहे. इथून गेलेल्या कामगारांनी नेला, तोंडातोंडी. तिथे काशिनाथला "दारू पिऊन खांबावर चढला" असे म्हणतात. दारू! ज्या माणसाने आयुष्यात फेणीचा वास घेतला नाही! नवा कागद तिथे कोण वाचणार? तो इंग्रजीत आहे. ती सांगते, पण बायको आहे, ती असेच बोलणार, म्हणतात. मी जाऊन सांगितले असते. मला तिने दार बंद केले आहे.

काल संध्याकाळी आईला हे सगळे वाचून दाखवले. तुझ्या इंग्रजी पत्राचाही अर्थ सांगितला. महिनाभर ती तुझ्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. काल बोलली. मी तसेच्या तसे लिहितो, कारण तिनेच तसे लिहायला सांगितले. "ताका म्हण, पयलीं विमलागेर वच. मगीर माका तोंड दाखय. तोवर माका एकच पूत." त्यावर मी म्हटले, आई, एवढे कडक कशाला. हो, मीच म्हटले. तिने माझ्याकडे असे बघितले की मी कागद घेऊन बसलो.

गाव चंदगडच्या पुढे आहे, पत्ता दिराकडून घेऊन कागदाच्या मागे लिहिला आहे. म्हापशाहून सकाळची सावंतवाडीची गाडी पकड, तिथून चंदगडची. शेवटचे दोन मैल चालत जावे लागतात. विमला दार उघडील की नाही ते मला सांगता येत नाही. नाही उघडले तर उंबऱ्याबाहेर उभा राहा आणि काशिनाथ कसा मेला ते तिथूनच सांग. मराठीतून सांग, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांग.

शिवदास